युरोपीय परराष्ट्र धोरणाचा अभ्यास: घोषणापत्राआधी कलम वाचावे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. राज्यशास्त्रात एम.ए. केल्यानंतर तुम्हाला युरोपीय संघाचे परराष्ट्र व सुरक्षा धोरण या विषयावर पीएच.डी. करायची आहे. तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप असा की, ज्या संघातील देशांचे गाझासारख्या प्रश्नावर एकमत होत नाही त्या संघाला स्वतःचे परराष्ट्र धोरण नाहीच. आहेत ती २७ देशांची २७ धोरणे, आणि त्यांचा अभ्यास बर्लिन, पॅरिस, वॉर्सा अशा एकेका राजधानीतून करावा. हा विषय घ्यावा का आणि घेतला तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. हा विषय शिकवण्यात आणि अभ्यासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मार्गदर्शकांच्या आक्षेपात तथ्य आहे. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातील युद्ध थांबवण्याच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा संघातील आठ देशांनी बाजूने, चार देशांनी विरोधात मत दिले आणि पंधरा देश तटस्थ राहिले. याहून ठळक फाटाफूट दाखवणे कठीण. पण त्याच संघाने त्याआधी दीड वर्षापूर्वी, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर काही दिवसांतच, रशियाच्या मध्यवर्ती बँकेची युरोपातील गंगाजळी गोठवली आणि २८ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनला शस्त्रे व इतर लष्करी साहित्य पुरवण्यासाठी ५० कोटी युरो मंजूर केले. तेव्हा धोरण ‘आहे की नाही’ या वादात शिरण्यात हशील नाही. कोणता निर्णय, करारातील कोणत्या कलमाखाली, कोणी मांडला आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे प्रश्न विचारले की अभ्यासाला पाय फुटतात. माझे सारे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

इतिहासात फार रेंगाळण्याची गरज नाही, पण तीन-चार टप्पे पक्के असावेत. युरोपचे सामाईक सैन्य उभारण्याचा करार १९५२ मध्ये झाला आणि ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने तो गुंडाळला. त्यानंतर संरक्षण हा विषय नाटोकडे राहिला आणि परराष्ट्र व्यवहारातील सल्लामसलत १९७० पासून कराराबाहेर, परराष्ट्र मंत्रालयांच्या आपसांतील सोयीने चालू झाली. मास्ट्रिक्ट कराराने १९९३ मध्ये तिचे रूपांतर संघाच्या सामाईक परराष्ट्र व सुरक्षा धोरणात केले. तोपर्यंत युगोस्लाव्हिया पेटला होता. लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जॅक पूस यांनी १९९१ मध्ये ‘युरोपची घटिका आली आहे’ असे म्हटले होते. चार वर्षांनी बोस्नियात स्रेब्रेनित्साचे हत्याकांड घडले, आणि शांतता करार अखेर अमेरिकेतील डेटन येथे झाला. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी डिसेंबर १९९८ मध्ये सँ-मालो येथे लष्करी क्षमतेविषयी जो समझोता केला, तो या नामुष्कीतून आला. डिसेंबर २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने उच्च प्रतिनिधीचे, म्हणजे संघाच्या परराष्ट्र व सुरक्षा धोरणाच्या प्रमुखाचे, पद भक्कम केले आणि संघाची स्वतःची परराष्ट्र सेवा उभी राहिली.

आता प्रत्यक्ष कामकाज. शिखर बैठकांची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात, पण बहुतेक मजकूर त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. ब्रुसेल्समध्ये प्रत्येक सदस्य देशाचा एक राजदूत राजकीय व सुरक्षा समितीवर असतो आणि ही समिती साधारणतः आठवड्यातून दोनदा भरते. तिच्या खाली प्रदेशवार कार्यगट असतात. रशिया, युक्रेन आणि मध्य आशिया पाहणाऱ्या गटाला तिथले लोक नुसते ‘कोएस्ट’ म्हणतात. निर्बंधांचा कायदेशीर मसुदा ज्या गटात शब्दाशब्दाने तपासला जातो तो ‘रेलेक्स’. राजधान्यांना जोडणारे ‘कोर्यू’ नावाचे गोपनीय तारजाळे १९७३ पासून चालू आहे. त्यावरून मसुदा फिरवला जातो आणि सोबत मुदत दिलेली असते, समजा उद्या दुपारी बारापर्यंतची. तोवर कोणी हरकत घेतली नाही, तर मसुदा संमत झाला असे धरतात. एखाद्या राजधानीने ‘मौन मोडले’, तर तो पुन्हा टेबलावर येतो. या पद्धतीचा परिणाम सूक्ष्म आहे. मनातून नाराज असलेल्या देशाला ‘हो’ म्हणावे लागत नाही, गप्प बसले की पुरते. पण ‘नाही’ म्हणायचे तर सर्वांना दिसेल अशा रीतीने आणि बहुधा एकट्याने म्हणावे लागते. छोट्या देशांची मौन मोडण्याची हिंमत एका वर्षात एका-दोन विषयांपुरतीच असते, असे अनेक मुत्सद्दी खाजगीत सांगतात, आणि मला ते पटते.

निवेदनाचा मथळाही म्हणूनच वाचता आला पाहिजे. ‘संघाच्या वतीने उच्च प्रतिनिधींचे निवेदन’ म्हणजे सत्तावीसही देशांची संमती. नुसते ‘उच्च प्रतिनिधींचे निवेदन’ असेल, तर त्या व्यक्तीने आपल्या अधिकारात बोलणे पत्करले आहे. प्रवक्त्याचे निवेदन त्याहून हलके. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाझातील रफाहवरील संभाव्य हल्ल्याविषयी जे निवेदन निघाले ते २६ देशांच्या नावाने, कारण हंगेरीने साथ दिली नाही. वर्तमानपत्रे या सगळ्याला सरसकट ‘युरोपीय संघाने म्हटले’ असे छापतात, आणि कित्येक प्रबंधही तीच चूक पुढे नेतात.

निर्बंधांचे प्रकरण मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला लावतो, कारण यंत्रणेचे सगळे सांधे तिथे उघडे दिसतात. एखाद्या देशावर आर्थिक निर्बंध लादायचे तर दोन पायऱ्या असतात. पहिला राजकीय निर्णय परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणाखाली, म्हणजे सर्वानुमते. त्यानंतर तो अमलात आणणारा नियम संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातील कलम २१५ खाली, आणि तिथे पात्र बहुमत, म्हणजे एकमत नव्हे तर ठरावीक मोठे बहुमत, पुरते. खरी मेख मुदतीत आहे. रशियावर २०१४ मध्ये लादलेले क्षेत्रवार आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नूतनीकरणाला येतात, ३१ जानेवारी आणि ३१ जुलै या तारखांना. व्यक्ती आणि संस्था यांच्या यादीच्या तारखा १५ मार्च आणि १५ सप्टेंबर. म्हणजे निर्बंध उठवण्यासाठी कोणाचे मन वळवावे लागत नाही. एका देशाने नूतनीकरणाला नकार दिला की ते आपोआप गळून पडतात. वर्षातून चार वेळा प्रत्येक सदस्याच्या हाती येणारे हे हत्यार आहे, आणि हंगेरीने यादीतून एखादे नाव वगळून घेण्यासाठी किंवा भलत्याच विषयातील निधी सोडवण्यासाठी त्याचा उपयोग कसा केला, हे तारखा समोर ठेवून पाहिले की लख्ख दिसते.

एवढे असूनही निर्णय होतात, ते कसे, हा पुढचा प्रश्न. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा विषय आला, तेव्हा जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्या सूचनेवरून हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान कॉफीच्या निमित्ताने सभागृहाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. कायद्याच्या दृष्टीने हजर नसलेल्याने विरोध केलेला नसतो. त्याच रात्री परत येऊन त्यांनी युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंना मात्र अडसर घातला, तो १ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. लोकांना यातील कॉफीचा किस्सा आठवतो. अभ्यासकाने पाहायचे ते हे की, प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होऊ दिल्यानंतरही पुढच्या प्रत्येक पायरीवर नकाराची संधी शिल्लक होती, म्हणून त्या रात्री बाहेर जाणे ओर्बान यांना स्वस्तात पडले.

डिसेंबर २०२५ मध्ये याहून महत्त्वाची गोष्ट घडली. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची युरोपात अडकलेली मालमत्ता सुमारे २१० अब्ज युरो आहे आणि तिचा मोठा हिस्सा बेल्जियममधील युरोक्लिअर या ठेव संस्थेकडे आहे. ती गोठवलेली ठेवण्याचा निर्णयही दर सहा महिन्यांच्या रहाटगाडग्यात होता. सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेने तो परराष्ट्र धोरणाच्या चौकटीतून काढला आणि आर्थिक आणीबाणीसाठी असलेल्या कलम १२२ खाली घेतला. तिथे पात्र बहुमत, म्हणजे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, एवढे पुरेसे असते. हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी विरोधात मत दिले, तरी निर्णय झाला. पण त्याच मालमत्तेच्या आधारावर युक्रेनला कर्ज देण्याची योजना काही दिवसांनी बेल्जियमच्या हरकतींमुळे मागे पडली आणि संघाने स्वतःची पत वापरून ९० अब्ज युरो उभे करायचे ठरवले. कलम बदलून नकाराधिकार टाळता आला. ज्याच्या भूमीवर पैसा आहे त्या देशाची भीती कलमाने गेली नाही. या दोन निर्णयांमधला फरक नीट उलगडला, तरी प्रबंधाचे एक सकस प्रकरण होईल.

नकार न देता बाजूला राहण्याची सोयही करारात आहे. कलम ३१ नुसार एखादा देश औपचारिकपणे अलिप्त राहू शकतो. निर्णय त्याला लागू होत नाही, पण तो इतरांना अडवत नाही. सायप्रसने २००८ मध्ये कोसोव्होतील कायदा-सुव्यवस्था मोहिमेच्या वेळी हेच केले. कोसोव्होला स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया हे पाच देश आजही मान्यता देत नाहीत, तरी संघाची मोहीम तिथे चालते, कारण तिच्या कागदपत्रांत कोसोव्होच्या दर्जाबद्दल मौन पाळलेले आहे. २०२२ मध्ये युक्रेनला प्राणघातक शस्त्रे देताना ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा याच मार्गाने बाजूला राहिले व त्यांचा वाटा इतर साहित्याकडे वळवला गेला. लष्करी खर्च संघाच्या अर्थसंकल्पातून करण्यास करारात मनाई आहे. म्हणून तर २०२१ मध्ये ‘युरोपीय शांतता सुविधा’ हा अर्थसंकल्पाबाहेरचा निधी स्थापन झाला होता. नाव शांततेचे आणि काम बरेचसे तोफगोळ्यांचे, यावर ब्रुसेल्समध्येही लोक मिश्कील हसतात.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, जिथे कराराच्या यंत्रणेला वळसा घातला गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांचे परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ, दॉमिनिक द व्हिलपाँ आणि योश्का फिशर एकत्र तेहरानला गेले आणि इराणकडून युरेनियम समृद्धीकरण स्थगित करण्याचे आश्वासन घेऊन आले. त्यांना इतर सदस्यांनी असा कोणताही अधिकार दिलेला नव्हता. संघाचे अध्यक्षपद त्या वेळी इटलीकडे होते आणि इटलीलाच बाहेर ठेवले गेले. पुढे संघाचे तेव्हाचे उच्च प्रतिनिधी हावियेर सोलाना यांना सोबत घेतल्यावर या त्रयीला संघाचे छत्र मिळाले. १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात झालेला अणुकरार ही त्या बारा वर्षांच्या चिकाटीची फलश्रुती, आणि त्यात युरोपीय मुत्सद्देगिरीचा वाटा खरोखर मोठा होता.

मात्र ८ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी त्या करारातून अंग काढून घेतल्यावर या मुत्सद्देगिरीची मर्यादा उघडी पडली. संघाने अमेरिकी निर्बंध पाळण्यास आपल्या कंपन्यांना मनाई करणारा १९९६ चा नियम अद्ययावत केला. कंपन्यांनी अमेरिकी बाजारपेठ आणि डॉलर यांचा विचार करून इराण सोडलाच. फ्रान्सची टोटल कंपनी दक्षिण पार्स वायुक्षेत्रातून बाहेर पडली. डॉलरविना व्यवहारासाठी जानेवारी २०१९ मध्ये पॅरिसमध्ये ‘इन्स्टेक्स’ नावाची संस्था नोंदवली गेली, तिचा पहिला व्यवहार मार्च २०२० मध्ये, तोही वैद्यकीय साहित्याचा, आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. भारतानेही मे २०१९ नंतर इराणी तेलाची आयात थांबवली, तेव्हा ही केवळ युरोपीय दुर्बलता होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेवटी २८ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच तीन देशांनी सुरक्षा परिषदेला कळवून निर्बंध परत लागू करण्याची प्रक्रिया चालवली. त्यांतील ब्रिटन तोवर संघातून बाहेरही पडला होता, आणि सप्टेंबरअखेर संघाने त्यामागोमाग आपले निर्बंध पुन्हा बसवले. याला युरोपचे धोरण म्हणायचे की तीन राजधान्यांचे? मला वाटते, सुरुवातीला आणि शेवटी ते तीन राजधान्यांचे होते आणि मधल्या दहा-बारा वर्षांत संघाचे. मार्गदर्शकांना हे उत्तर आवडेल, कारण त्यांची अर्धी बाजू त्यात मान्य केलेली आहे.

सिद्धांतांविषयी थोडक्यात सांगतो. फ्रान्स्वा दुशेन यांनी १९७० च्या दशकात युरोपला ‘नागरी सत्ता’ म्हटले, ख्रिस्तोफर हिल यांनी १९९३ मध्ये संघाची क्षमता आणि त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा यांतील दरीकडे लक्ष वेधले आणि इअन मॅनर्स यांनी २००२ मध्ये मूल्यांच्या बळावर जगाला वळण लावणारी ‘मूल्याधिष्ठित सत्ता’ ही कल्पना मांडली. तिन्ही वाचावे. हिल यांची मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती तपासून पाहता येते. मॅनर्स यांच्या कल्पनेवर जे अफाट लेखन झाले, त्यातील पुष्कळसे युरोपच्या स्वप्रतिमेचेच वर्णन आहे. युरोप-अभ्यासाची जगभरातील अनेक अध्यासने संघाच्याच जाँ मॉने कार्यक्रमाच्या पैशावर चालतात, हेही वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. त्यामुळे ते लेखन खोटे ठरत नाही, पण त्यात प्रश्न कोणते विचारले जातात यावर त्याचा परिणाम होतो.

तुम्ही महाराष्ट्रात बसून हे संशोधन करणार असाल, तर मी तुम्हाला समुद्राकडे वळायला सांगेन. सोमाली चाच्यांविरुद्धची ‘अटलांटा’ ही संघाची पहिली नौदल मोहीम डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्यालय आधी इंग्लंडमधील नॉर्थवुड येथे होते, ब्रेक्झिटमुळे ते २०१९ मध्ये स्पेनमधील रोता येथे हलवावे लागले. या मोहिमेची खरी अडचण जहाजांची नव्हती. पकडलेल्या माणसांचे करायचे काय, ही होती. खटला चालवायला सदस्य देश बहुधा नाखूश, म्हणून २००९ मध्ये केनिया आणि सेशेल्स यांच्याशी हस्तांतराचे करार झाले.

आता ‘रुएन’ जहाजाचे प्रकरण पाहा. माल्टाचा ध्वज असलेले आणि बल्गेरियन मालकीचे हे जहाज डिसेंबर २०२३ मध्ये पळवले गेले. माल्टा आणि बल्गेरिया दोन्ही संघाचे सदस्य. ‘अटलांटा’तील स्पॅनिश युद्धनौकेने त्याचा माग काढला, पण चाचे ते सोमाली किनाऱ्याला घेऊन गेले. मार्च २०२४ मध्ये त्याच जहाजावरून चाचे पुन्हा समुद्रात उतरले, तेव्हा भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर, विमानातून उतरवलेल्या मार्कोस कमांडोंच्या साहाय्याने ते सोडवले. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले. २३ मार्चला त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले आणि बंदरालगतच्या यलो गेट ठाण्यात गुन्हा दाखल झाला. भारताकडे २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा होता, म्हणून हे सरळपणे करता आले. त्याच सुमारास संघाने तांबड्या समुद्रासाठी ‘आस्पिदेस’ ही वेगळी मोहीम फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली, कारण ‘अटलांटा’चे क्षेत्र व काम त्या दिशेने वाढवायला स्पेनचा विरोध होता. पुन्हा तेच: एका देशाच्या नकाराने मोहीम थांबली नाही, तिचा आकार बदलला.

या विषयाचा कडवट पूर्वेतिहासही सोडू नका. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घालून ठार केले. भारत आणि इटली यांच्यातला हा वाद इटलीने पद्धतशीरपणे ब्रुसेल्समध्ये नेला, जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय संसदेने त्यावर ठराव केला, आणि २०१२ नंतर भारत-युरोपीय संघ शिखर परिषद थेट मार्च २०१६ मध्ये झाली. शिखर परिषदांत पडलेल्या या खंडाचे हे एकमेव कारण नव्हते. मुक्त व्यापाराची बोलणी २०१३ मध्येच अडली होती. पण एका सदस्याची तक्रार सत्तावीस-अठ्ठावीस देशांच्या भूमिकेत कशी उतरते, याचे भारताला थेट जाणवलेले असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

साधनांबद्दल. मंत्रिपरिषदेच्या दस्तऐवजांची सार्वजनिक नोंदवही तुम्हाला घरबसल्या पाहता येते आणि २००१ च्या नियम क्रमांक १०४९ खाली न दिलेला कागद मागताही येतो. मागणीचा हक्क संघाच्या नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना आहे, पण बाहेरच्या अर्जदारालाही संस्था कागद देऊ शकतात, तेव्हा अर्ज जरूर करा. नाकारल्याचे पत्र आले तरी ते जपा, नकाराचे कारण हीच माहिती असते. जुने कागद फ्लोरेन्सच्या युरोपीय ऐतिहासिक अभिलेखागारात तीस वर्षांनंतर खुले होतात, म्हणजे युगोस्लाव्हियाचा काळ आता हळूहळू हाती येऊ लागला आहे. कामचलाऊ का होईना, फ्रेंच वाचायला शिका. मुलाखती घ्याल त्या विषयाच्या टिपा तयार करून, आणि ‘तुमच्या देशाची भूमिका काय होती’ असे कधीच विचारू नका, त्यावर छापील उत्तर मिळते. त्याऐवजी मसुद्यातील एक परिच्छेद समोर ठेवून ‘हा शब्द कोणत्या बैठकीत आला’ असे विचारा. निवृत्त राजदूतही मग खुलून बोलतात. भारतीय बाजू विसरू नका: पश्चिम नौदल कमांडचे मुंबईतील निवृत्त अधिकारी, जहाजवाहतूक महासंचालनालय, आणि खलाशांच्या संघटना या तिन्ही ठिकाणी युरोपीय अभ्यासक सहसा पोहोचत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत फक्त ‘अटलांटा’च्या मूळ निर्णयापासून आजवरच्या प्रत्येक मुदतवाढीचा कागद क्रमाने वाचून काढा, प्रत्येक वेळी कामाच्या यादीत काय वाढले आणि काय गळले याची टाचणे करा, आणि ती घेऊन मार्गदर्शकांकडे जा.